कॉम्प्युटरमधला अनोळखी पाहुणा

कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला की तो दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणायचा, हा आता घरोघरचा रिवाज झाला आहे. मशीन घरी येतं, चालू होतं, पडदा कसा लख्ख दिसतो. आणि मग एकेक तक्रार सुरू होते. आवाज येत नाही. वायफाय दिसत नाही. अक्षरं भलीमोठी, चित्रं ताणल्यासारखी. प्रिंटर जोडावा तर तो ढिम्म! दुकानात फोन केला तर तिकडून उत्तर येतं, ‘पार्ट गेलाय, मॅडम.’

भगिनींनो, हे उत्तर ऐकून लगेच पर्स उघडू नका. पार्ट कधीकधी खरोखरच गेलेला असतो, नाही असं नाही. पण काल संध्याकाळपर्यंत गाणारा लॅपटॉप फॉरमॅट मारल्यावर आज मुका झाला असेल, तर बहुतेक वेळा पार्ट जागच्या जागी असतो, ड्रायव्हर तेवढा गेलेला असतो.

ड्रायव्हर म्हटलं की आपल्याला एस.टी.चा ड्रायव्हर आठवतो. पण इथला ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. कॉम्प्युटरच्या पोटात आवाजाची, वायफायची, चित्राची अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या चिपा असतात आणि प्रत्येकीची बोली निराळी. विंडोजला त्या सगळ्या बोली येत नाहीत. ज्या चिपेचा दुभाष्या विंडोजबरोबर आलेला असतो तिचं काम सुरळीत चालतं. जिचा आलेला नसतो ती बिचारी दारातच उभी राहते, आणि विंडोज तिची नोंद करतं, ‘अननोन डिव्हाइस’. म्हणजे कोणीतरी आलंय, पण कोण ते माहीत नाही.

आता हा पाहुणा कोण, हे ओळखायचं कसं? त्याला विचारायचं! त्याच्याजवळ त्याची ओळख लिहिलेली असते, आणि ती वाचायला कुठलाही कोर्स करावा लागत नाही. मी स्वतः साधी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई आहे.

खाली जी नावं येतील ती पडद्यावर इंग्रजीत दिसतात; मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. खाली ‘स्टार्ट’चं चिन्ह असतं, त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा. एक यादी उघडेल, तीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असतं. हा मॅनेजर विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, आपल्या मशीनमध्ये बसलेला आहे. आपणच कधी त्याच्याकडे गेलो नाही. त्यात मशीनमधल्या सगळ्या वस्तूंची यादी असते, अगदी लग्नातल्या रुखवताच्या यादीसारखी. ज्या नावावर पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह दिसेल, तिथे काहीतरी अडलेलं आहे. ज्यांचे ड्रायव्हर नाहीत अशी मंडळी ‘अदर डिव्हायसेस’ या मथळ्याखाली एकत्र बसलेली सापडतात.

त्या नावावर दोनदा टिचकी मारा. एक चौकट उघडेल, तीत एक ‘कोड’ लिहिलेला असतो. कोड २८ असेल तर निश्चिंत व्हा, त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर घातलेला नाही. कोड २२ म्हणजे ती वस्तू कोणीतरी बंद करून ठेवली आहे; नावावर उजवं बटण दाबून ‘एनेबल’ केलं की काम झालं. (घरात लहान मुलं असतील तर हे कोणी केलं ते शोधत बसू नये.) कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण वस्तू सुरू होत नाही, इथे बऱ्याचदा ड्रायव्हर चुकीचा पडलेला असतो. कोड ४३ मात्र जरा काळजीचा. वस्तूनेच कुरकुर केल्यामुळे विंडोजने तिला थांबवलेलं असतं.

काही वेळा नाव अगदीच अनोळखी नसतं, अर्धवट कळलेलं असतं. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुधा वायफाय, आणि ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे वायरने येणारं इंटरनेट. ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ म्हणजे आवाज. ‘एस.एम. बस कंट्रोलर’ पाहून घाबरू नका, त्याचा बसगाडीशी काही संबंध नाही; त्याला मुख्य बोर्डाचा, म्हणजे ‘चिपसेट’चा ड्रायव्हर हवा असतो. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ हा बऱ्याचदा कॅमेऱ्याचं कार्ड घालायच्या खाचेचा ड्रायव्हर मागत असतो. एवढ्या ओळखीवरही पुष्कळ भागतं.

पण खरी जन्मपत्रिका पुढेच आहे. त्याच चौकटीत वर ‘डिटेल्स’ नावाचं पान असतं. तिथल्या उतरत्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. खाली लांबलचक अक्षरं-आकडे दिसतील. त्यांतले दोनच तुकडे आपल्या कामाचे. ‘व्हेन’ या अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे कंपनी, आणि ‘डेव्ह’पुढचे चार म्हणजे त्या कंपनीची नेमकी वस्तू. एक आडनाव, एक नाव! यूएसबीच्या वायरीने जोडलेल्या वस्तूंमध्ये यांनाच ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ म्हणतात. हे आकडे ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांतून केलेले असल्यामुळे मध्येच एखादं अक्षर येतं, ते गाळू नका.

कंपन्यांचे नंबर त्यांनी मनाने घेतलेले नसतात. आतल्या कार्डांसाठी पीसीआय-एसआयजी आणि यूएसबीसाठी यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम अशा संस्था ते वाटून देतात. इंटेलचा नंबर ८०८६, आणि त्यात एक गंमत आहे. १९७८ मध्ये इंटेलने जी प्रसिद्ध चिप काढली तिचं नावच ८०८६ होतं. रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. प्रिंटर असेल तर एचपीचा ०३एफ०, कॅननचा ०४ए९, एप्सनचा ०४बी८. आडनाव एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

कधीकधी मात्र आडनाव माहेरचंच राहिलेलं असतं! १००२ हा नंबर एटीआय कंपनीचा. ती २००६ मध्ये एएमडीने घेतली, तरी एएमडीच्या चित्राच्या कार्डांवर अजून १००२ च असतो. १८१४ हा रॅलिंकचा; ती कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकच्या घरी गेली.

हा १८१४ माझ्या चांगला लक्षात राहिला तो माझ्या धाकट्या जावेमुळे. ती घरबसल्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, निम्मी मुलं परगावची, त्यामुळे लॅपटॉप म्हणजे तिची शाळाच. २०२३ च्या मे महिन्यात तिने तो फॉरमॅट मारून आणला आणि वायफाय नाहीसं झालं. दुकानदार म्हणाला, ‘कार्ड जळलंय, बोर्डावरही गेलं असेल. आता यात पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या.’ नवा म्हणजे तीस-पस्तीस हजार. तिची तीन-चार महिन्यांची कमाई! जून तोंडावर आलेला. ती रडवेली होऊन आली, ‘ताई, मी मुलांना काय सांगू आता?’

डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर ‘नेटवर्क कंट्रोलर’ पिवळा त्रिकोण घेऊन बसलेला, कोड २८, आणि नंबर १८१४, ३२९०. म्हणजे रॅलिंकची आरटी ३२९० ही वायफायची चिप. जळालेलं कार्ड आपलं नाव-गाव असं घडाघडा सांगेल का? वस्तू नंबर सांगते आहे, याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोचते आहे आणि ती उत्तर देते आहे. तेवढ्याने ती शंभर टक्के ठणठणीत ठरत नाही, पण तिला मेली म्हणायचा अधिकार कोणाला राहत नाही. आधी ड्रायव्हर घालून पाहायचा, मग पुढचं.

उलट परीक्षाही आहे. यूएसबीची वस्तू जोडल्यावर नंबराच्या जागी व्हीआयडी ०००० असं दिसलं, तर तिला स्वतःचं नावही सांगता आलेलं नाही. तिथे ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. वायर बदला, दुसऱ्या खाचेत लावून बघा. तरीही तेच दिसलं तर मग वस्तूच बिघडलेली असण्याचा संभव आहे. आणि यादीत नावच नसेल, तर कार्ड सैल झालेलं, बंद केलेलं किंवा खरंच गेलेलं असू शकतं. तिथे दुकानदाराचं ऐकावं.

आता ड्रायव्हर आणायचा कुठून? आधी सरकारी रेशनच्या दुकानात पाहावं तसं विंडोज अपडेटमध्ये पाहावं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’. ड्रायव्हर तिथे पुष्कळदा मुकाट पडून असतात, आपण मागितल्याशिवाय येत नाहीत. तिथे नसेल तर लॅपटॉपच्या पोटाखालची चिठ्ठी वाचा. तिच्यावर मॉडेल किंवा प्रॉडक्ट नंबर असतो. डेलच्या मशीनवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो नंबर लॅपटॉपच्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, ‘सपोर्ट’ या विभागात घातला की नेमकी तुमच्या मशीनची यादी येते. चिठ्ठी झिजलेली असेल तर शोधाच्या चौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टंकून पाहा, मॉडेल तिथेही मिळतं. विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं, तेही तिथेच कळतं. ड्रायव्हर त्याच मापाचा घ्यायचा.

जावेच्या मॉडेलसाठी कंपनीच्या यादीत विंडोज ८.१ चाच ड्रायव्हर होता. तिच्याकडे विंडोज १०. घालून पाहिला, चालला. असं नेहमी होईलच असं नाही, पण जुन्या मशीनच्या बाबतीत करून बघण्यासारखं आहे. त्याआधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवला, म्हणजे बिघडलं तर मागे फिरता येतं.

इथे एक पेच हमखास येतो. वायफायचाच ड्रायव्हर नाही, तर तो उतरवून घ्यायला इंटरनेट आणायचं कुठून? दोन वाटा आहेत. शेजारणीच्या मशीनवरून पेनड्राइव्हवर आणायचा. नाहीतर अँड्रॉइडचा मोबाईल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडून मोबाईलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. मोबाईलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला मिळतं. वायर मात्र नुसत्या चार्जिंगची नको, फोटो पाठवता येतात अशी हवी. आम्ही हेच केलं, आणि तासाभरात तिचं वायफाय दिसायला लागलं. खर्च शून्य.

एक ‘अननोन डिव्हाइस’ तरी उरलाच होता. त्याच्या नंबरात एचपीक्यू०००४ असं होतं. शोधल्यावर कळलं, ते लॅपटॉप पडतोय हे ओळखणारं यंत्र! पडण्याची चाहूल लागली की ते हार्डडिस्कची सुई बाजूला घेतं, म्हणजे आतली माहिती ओरखडत नाही. तिच्याकडे दोन लहान मुलं आणि पलंगाच्या कडेवर ठेवलेला लॅपटॉप. तोही ड्रायव्हर लगोलग घातला. नव्या मशीनमध्ये एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून या पाहुण्याची गरज उरलेली नाही.

ड्रायव्हर शोधताना सर्वांत वर जी नावं येतात त्यांतली बरीच ‘प्रायोजित’, म्हणजे जाहिराती असतात. त्यांत ‘तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप आणून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर भेटतात. फुकट तपासणी करतात, मग लाल अक्षरांत सांगतात, तुमचे इतके ड्रायव्हर जुने झाले, ताबडतोब पैसे भरा. मला विचाराल तर असलं काही घरात घेऊच नये. चालणारा ड्रायव्हर जुना असला म्हणून काही बिघडत नाही. चालत्या चुलीला कोणी नवा बर्नर शोधत नाही. आणि ‘मदतीसाठी या नंबरवर फोन करा’ असं पडद्यावर आलं तर फोन मुळीच करू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून मशीनचा ताबा मागतो, मग बँकेपर्यंत पोचतो. तसं काही घडून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावं.

नंबरही कधी चोरीचा असतो, हेही सांगायला हवं. एफटीडीआय नावाच्या कंपनीच्या यूएसबी चिपांची नक्कल बाजारात फार चालायची. नकली चिप आपला नंबर खऱ्या कंपनीचाच सांगायची. २०१४ मध्ये त्या कंपनीने असा ड्रायव्हर काढला, की नकली चिप दिसली की तो तिचा वस्तूचा नंबर पुसून ०००० करायचा. ज्यांनी अजाणता स्वस्तातली वायर घेतली होती त्यांचीही वस्तू बंद पडली. खूप ओरड झाली आणि कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. चोराला सोडून गिऱ्हाईकाला मार, असंच झालं ते.

मशीन फॉरमॅटला देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरच्या यादीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा; काय चालू होतं याचा तो पुरावा होतो. आणि दुकानदाराला सांगा, ‘आधी सगळे ड्रायव्हर एक्स्पोर्ट करून माझ्या पेनड्राइव्हवर द्या, मगच फॉरमॅट मारा.’ विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी ‘पीएनपीयुटिल’ नावाची सोय आधीपासूनच आहे, पाच-दहा मिनिटांचं काम. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडलेल्या नावावर उजवं बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ म्हणायचं आणि त्याला तो पेनड्राइव्ह दाखवायचा. पेनड्राइव्हवर मशीनचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि तो मुलांच्या हाती गाणी भरायला जाणार नाही अशा जागी ठेवा.