स्पॅम, बॉट आणि पिवळं पाणी

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या हॉस्टेलचाच आहे.

गेल्या वर्षी आम्ही तिघींनी रेक्टर मॅडमच्या परवानगीने ऑनलाइन तक्रारपेटी सुरू केली. नाव न सांगता कुणीही लिहावं, ही कल्पना. पहिल्या आठवड्यात मेसची पातळ डाळ, बंद गीझर वगैरे आलं. मग एका सकाळी पेटी उघडते तर काय, सहाशे तक्रारी! सगळ्या इंग्रजीत. झटपट कर्ज, जुगार, वजन कमी करायच्या गोळ्या आणि खाली लिंका.

यालाच स्पॅम म्हणतात. १९७८ साली डीईसी कंपनीच्या एका माणसाने आर्पानेटवर जवळपास चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली, तो पहिला स्पॅम मानतात. आता हे काम बॉट करतात. बॉट म्हणजे दिसेल तो फॉर्म भरत सुटणारा प्रोग्राम. पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे लाखात एकाने क्लिक केलं तरी त्यांचं भागतं.

मग उपाय काय? पहिला हनीपॉट. फॉर्ममध्ये एक रकाना असा ठेवायचा, जो स्क्रीनवर दिसतच नाही. माणूस तो भरणार कसा? बॉट मात्र कोड वाचतो आणि इमानदारीत सगळे रकाने भरतो. पकडला! दुसरा उपाय घड्याळाचा. फॉर्म उघडल्यावर दोन सेकंदांत शंभर शब्द कोणी टाइप करत नाही. तिसरा कॅप्चा, म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं ओळखा. पण आता यंत्रं ती सहज ओळखतात आणि ज्यांना नीट दिसत नाही त्यांचीच अडवणूक होते.

चौथा उपाय आपण मॅथ्सच्या पेपरात घोकतो तो बेजचा सिद्धांत. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या एका लेखामुळे तो स्पॅमसाठी गाजला. समजा १०० स्पॅम आणि १०० खऱ्या तक्रारी घेतल्या. 'फ्री' हा शब्द ४० स्पॅममध्ये आणि २ खऱ्या तक्रारींत आला. तर 'फ्री' असलेला मजकूर स्पॅम असण्याची शक्यता ४० भागिले ४२, म्हणजे सुमारे ९५ टक्के. असे सगळे शब्द मिळून निकाल लागतो.

मी मात्र घाईत स्वतःचं डोकं चालवलं. लिंक दिसली की डिलीट! पेटी एकदम स्वच्छ. आठ दिवसांनी फर्स्ट इयरची एक मुलगी खोलीवर आली. "ताई, आमच्या मजल्यावर पिवळं पाणी येतंय, फोटोची लिंकपण दिली होती. तुम्ही वाचलंच नाही का?" तोवर त्या मजल्यावरच्या चौघी पोट बिघडून झोपून होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी त्याच दिवशी टाकी साफ करून घेतली.

स्पॅम आत आला तर माझी दोन मिनिटं जातात. खरी तक्रार बाहेर राहिली तर काय जातं, ते मी पाहिलं. आता आम्ही काहीच डिलीट करत नाही. संशयित मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि रोज रात्री आमच्यापैकी एक जण तो डोळ्यांनी वाचते.

तेव्हा मैत्रिणींनो, बिनधास्त लिहा. फक्त डाळीबद्दल जरा कमी लिहा, ते आम्हालाही माहीत आहे!