मातेचे ताट आणि गर्भाचे आतडे

इंदूरच्या मराठी घरांत बाळंतिणीच्या आहाराची जी तजवीज होते, तीस तोड नाही. दिवस भरत आले की सियागंजातून डिंक, खारीक, अळीव, बदाम यांची खरेदी होते, बाळंतशेपा निवडून ठेवल्या जातात, आणि सव्वा महिन्याच्या खाण्यापिण्याचा बंदोबस्त घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया बारीकसारीक तपशिलासह ठरवून टाकतात. परंतु त्यापूर्वीच्या नऊ महिन्यांत, डोहाळजेवणाचा एक दिवस वगळला तर, त्याच स्त्रीच्या ताटाकडे तितक्या आस्थेने पाहिले जातेच असे नाही. उलट, फार जेवलीस तर मूल मोठे होऊन बाळंतपण जड जाईल, अशी ताकीदही काही ठिकाणी तीस मिळते. नव्या जीवाचे आतडे मात्र याच मुदतीत घडत असते.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे आतडे इतक्या वेगाने लांबू लागते की त्या इवल्या उदरात त्यास जागा पुरत नाही; ते नाळेच्या मुळाशी बाहेर सरकते, तेथेच वळसे घेत वाढते, आणि दहाव्या आठवड्यानंतर पुन्हा पोटात परतते. त्याच सुमारास त्याच्या आतील पृष्ठभागावर सूक्ष्म अंकुर उगवू लागतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम पुढे जन्मभर त्यांच्याकडेच असते. यथावकाश गर्भ भोवतालचे गर्भजल गिळू लागतो, आणि अखेरच्या दिवसांत हे प्रमाण रोज अर्ध्या लिटरच्याही वर जाते. त्या जलातील वृद्धिकारक प्रथिने आतड्याच्या अस्तराची जोपासना करतात. मातेने खाल्लेल्या लसणीचा गंधही त्यात उतरतो, हे १९९५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातील ज्यूली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आणि २००१ साली त्यांनाच असे आढळले की गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जिने गाजराचा रस घेतला, तिचे मूल पुढे गाजराच्या चवीच्या लापशीला कमी नाक मुरडते.

मातेचा आहार गर्भास घडवितो याचा याहून महत्त्वाचा पुरावा पालेभाज्यांतील 'अ' जीवनसत्त्वाचा. 'नेचर' नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, गाभण उंदरीच्या आहारातून हे जीवनसत्त्व वगळले असता पिलांच्या लसिका ग्रंथी लहान राहिल्या आणि मोठेपणीही त्यांची संसर्गास तोंड देण्याची शक्ती उणीच राहिली. उंदरावरून माणसाविषयी थेट निर्णय देणे अर्थातच रास्त नव्हे. शिवाय या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या गर्भास घातक ठरू शकतात, म्हणून वैद्यांच्या सल्ल्यावाचून त्या कोणी घेऊ नयेत. मेथी-पालकाच्या भाजीस ती भीती नाही.

आपल्याकडील पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या आहाराची नोंद ठेवली. एकूण उष्मांकांचा वा प्रथिनांचा नवजाताच्या आकारमानाशी विशेष संबंध दिसला नाही. परंतु हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात वारंवार येत होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. मोजमाप झाले ते वजनाचे, लांबीचे, डोक्याच्या घेराचे, आतड्याचे नव्हे. तरीही ज्या शरीराचे पोषण मंदावते, त्यातील आतडे तेवढे सुखरूप राहील असे मानण्यास आधार नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून चाललेल्या 'सरस' प्रकल्पात तर स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांचा अल्पोपहार गर्भ राहण्यापूर्वीच सुरू केला गेला. आणि ज्यांनी तो गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून घेतला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक भरले. आतडे वेगाने लांबू लागते त्या सहाव्या आठवड्यास कित्येक स्त्रियांना आपण गरोदर असल्याची खातरजमाही झालेली नसते, हे ध्यानी घेतले म्हणजे या तीन महिन्यांचे मोल कळते. आपल्या अंगणवाडीच्या दप्तरात मात्र नव्या सुनेचे नाव पूरक आहारासाठी चढते ते गरोदरपणाची नोंद झाल्यावरच; तोवर तिच्या ताटाची जबाबदारी सर्वस्वी घरच्यांची.