हवेची वार्ता : आंब्याच्या बागेंत आणि धनगराच्या वाड्यावर

जमीन शेतकऱ्याच्या हातांत असते, आकाश नसतें. म्हणूनच आकाशांत उद्यां काय घडणार याची वार्ता त्याला बी-खताइतकीच मोलाची असते. रत्नागिरी जिल्ह्यांत हें विशेषच खरें आहे. येथें पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु बागायतदाराची झोप उडते ती या पावसानें नव्हे, तर भलत्या महिन्यांत येणाऱ्या एखाद्या सरीनें.

थंडी पडूं लागली म्हणजे हापूसला मोहोर येतो. मोहोर फुललेला असतां आभाळ भरून आलें आणि हवा दमट झाली, कीं तुडतुडे वाढतात व भुरी-करपा यांसारखे रोग बळावतात. त्यांवर औषध फवारावें, तर फवारणीपाठोपाठ पाऊस येऊन तें धुऊन जातें. औषधाचा पैसा गेला, मजुरी गेली, आणि कीड तेथेंच राहिली! पुढें फळ धरल्यावर ऊन एकाएकीं तापलें तर कोवळीं फळें गळून पडतात. अशा वेळीं पाऊस येणार हें दोन दिवस आधीं कळलें, तर फवारणी लांबवितां येते. वार्तेची किंमत ती हीच.

ही वार्ता देण्याचा उद्योग नवा नाहीं. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी त्याची शाखा पुण्यास १९३२ सालीं डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली. १९४५ सालापासून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचें वार्तापत्र नभोवाणीवरून दिलें जाऊं लागलें. त्या काळीं एकच अंदाज विस्तीर्ण मुलखाला पुरवावा लागे. २००८ पासून जिल्हावार सल्ला मिळूं लागला.

आज त्याची रीत अशी आहे : उपग्रह, रडार, वातावरणांत सोडलेले फुगे आणि ठिकठिकाणच्या वेधशाळा यांचीं निरीक्षणें संगणकांत एकत्र येतात व त्यांवरून पुढील पांच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, ढग आणि वारा यांचे आंकडे निघतात. परंतु नुसत्या आंकड्यानें शेतकऱ्याचें काम भागत नाहीं. आर्द्रता अमुक टक्के होणार, मग करावें काय? याचें उत्तर देण्याचें काम कृषि विद्यापीठाचें. १९७२ सालीं दापोलीस स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञ हे आंकडे आंब्याच्या, काजूच्या, भाताच्या त्या त्या वेळच्या अवस्थेशीं जुळवून पाहतात आणि मराठींत सल्ला लिहितात. तो दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. २०१९ पासून ‘मेघदूत’ या मोबाइलवरील ॲपद्वारां तो कोणासही वाचतां येतो. ज्याला वाचनापेक्षां बोलणें सोयीचें, त्याच्यासाठीं २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे. तेथें दूरध्वनीवरून आपल्या भाषेंत प्रश्न विचारतां येतो.

मग उणें कोठें आहे? पहिलें उणें अंतराचें. रत्नागिरी जिल्हा समुद्रकांठापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेला आहे. खाडीकांठची बाग आणि घाटाखालचें शेत यांचें हवामान एक नसतें. २०१८ पासून देशांत तालुकावार सल्ला देण्यासाठीं कृषि विज्ञान केंद्रांतून १९९ जिल्हा कक्ष उभारले गेले. परंतु २०२४ सालीं ते बंद करण्यांत आले.

हाच अंतराचा प्रश्न विम्यांतही उभा राहतो. आंब्याच्या हवामानाधारित विम्यांत बागेंत जाऊन फळें मोजीत नाहींत. महसूल मंडळांतील स्वयंचलित केंद्राचे आंकडे पाहतात. अवेळीं पाऊस, तापमान किंवा वारा यांनीं ठरलेली मर्यादा ओलांडली तर भरपाई देतात. यांत वशिल्याला वाव कमी, ही मोठी सोय. पण केंद्र एका डोंगरावर आणि बाग दुसऱ्या डोंगरापलीकडे असली, तर नुकसान होऊनही आंकडा निर्दोष राहूं शकतो. केनियाच्या मार्साबित भागांत २०१० पासून पशुपालकांसाठीं असाच विमा निघाला. तेथें उपग्रहांतून गवताची हिरवळ मोजतात. तेथेंही मोजमाप आणि प्रत्यक्ष हानि यांतील तफावत हीच मुख्य अडचण ठरली आहे.

दुसरें उणें फिरत्या माणसाचें. घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोंकणांत उतरतात. भात कापलेल्या शेतांत ते मेंढ्या बसवितात. लेंडीखताच्या मोबदल्यांत त्यांना धान्य किंवा पैसा मिळतो. कोंकणचा पाऊस मेंढीला सोसत नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वीं ते घाट चढून परत जातात. हा क्रम ऋतूच्या भरंवशावर चालतो, आणि तो भरंवसा आतां डळमळूं लागला आहे. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं अवेळीं पाऊस व गारठा एकदम आला, तेव्हां पुणें जिल्ह्यांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत शेंकडों मेंढ्या उघड्यावर दगावल्या.

अशा मेंढपाळाला त्याच्या मूळ गांवचा अंदाज काय कामाचा? आज रात्रीं त्याचा वाडा जेथें आहे, तेथला अंदाज त्याला हवा. मोबाइलला आपलें ठिकाण कळतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ‘दामिनी’ ॲप त्याच आधारें जवळपासच्या विजेची सूचना देतें. तशीच पावसाची व थंडीची सूचना बोलत्या मराठींत, साध्या दूरध्वनीवर मिळाली, तर न वाचणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल. डोंगरांतील धनगरवाड्यांवर, जेथें दूरध्वनीच्या लहरी कड्यांनीं अडतात, तेथें आकाशवाणीचा संच अजूनही खरा सोबती ठरूं शकतो.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. तो कधीं चुकणारच. चूक कोठें झाली हें कळविणारा मात्र शेतकरीच असला पाहिजे. वाडींत एक साधें पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं पाण्याची नोंद केली, तर वर्षा-दोन वर्षांत गांवाला आपला पाऊस आंकड्यांत सांगतां येईल. विम्याच्या वादांतही त्या वहीचा आधार घेतां येईल. वार्ता वरून खालीं येते, तशी खालून वरही गेली पाहिजे. आणि ती वेळेवर आली पाहिजे : बागायतदाराकडे पंप भरण्यापूर्वीं, आणि धनगराकडे दिवस मावळण्यापूर्वीं, मेंढ्या आडोशाला नेण्यास अवधि आहे तोंच.