तबकडीवरचे नाव

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, रॉकमध्ये आपली वाद्ये कधी वाजलीत का?" 'आपली' हा शब्द त्याने सहज वापरला, मी तिथेच अडलो.

वाजली आहेत, आणि इथेच. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला आला. स्टिरिओ यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणले. आशिष खाँ यांचा सरोद, शिवकुमार शर्मांचे संतूर, केंकरे यांची बासरी इथे मुद्रित झाली. गिटार-पियानोचा भाग लंडनला. नोव्हेंबर १९६८ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' ही हॅरिसनची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. 'ड्रीम सीन'सारखा तुकडा सोडला तर दोन्ही संगीते तिच्यात शेजारी बसतात, एकजीव होत नाहीत, असे माझे मत आहे.

पण तिची सुरुवातच सनईने होते. माझे आजोबा सनई वाजवीत. हळदीपासून वरातीपर्यंत वाजवायचे आणि पंगती उठल्यावर मांडवाबाहेर जेवायचे. गावाच्या लेखी त्यांना नाव नव्हते. ते 'वाजंत्री' होते. वडिलांनी ती सनई माळ्यावर टाकली आणि मला शाळेत घातले. बरोबरच केले. तरीही जे वाद्य आम्हाला माणूस म्हणून जगण्यासाठी सोडावे लागले, ते लंडनला निव्वळ सूर म्हणून पोचले, हे विसरता येत नाही.

त्या तबकडीवर वादकांची नावे आहेत, हे मला तिच्या संगीताइतकेच मोलाचे वाटते. एरिक क्लॅप्टन टोपणनावाने वाजवतो. सनईवाला हनुमान मात्र स्वतःच्या नावाने. आडनाव 'जादेव' छापले आहे, मराठी कानाला ते जाधव वाटते. जाधव अनेक जातींत आहेत, तेव्हा त्यावरून जात ताडण्याचा उद्योग नको.

मे १९६९ मधली हॅरिसनची दुसरी तबकडी, 'इलेक्ट्रॉनिक साउंड', केवळ मूग सिंथेसायझर या विद्युत-वाद्यावर बेतलेली आहे. तिची एक बाजू म्हणजे आपण हॅरिसनला दाखवलेले प्रात्यक्षिकच आहे, असा दावा बर्नी क्राउझ या अमेरिकन वादकाने केला. वेष्टनावरचे त्याचे नाव रंगाने झाकले गेले होते.