उनतीसचा चाँद आणि वर्गातला टीव्ही

संध्याकाळी पडेगावातल्या आमच्या गल्लीत फिरले, तर बहुतेक घरांत एक चित्र सारखेच दिसते. आई स्वयंपाकात, वडील अजून कामावरून यायचे आहेत आणि शाळेतून आलेले मूल मोबाइलवर गणित करत आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. शेजारीच आकड्यांचा एखादा खेळही असतो. फुग्याला बोट लावले की फुगा फुटतो, आकडा ऐकू येतो, शेवटी टाळ्या वाजतात. आपल्याला वाटते, मूल मोजायला शिकले.

आम्हालाही तसेच वाटत होते. आमचा नातू पहिलीत आहे. मोबाइलवर तो वीसपर्यंत न चुकता मोजायचा. एकदा दादीने त्याच्यापुढे खजुरांची वाटी ठेवली आणि म्हणाली, “कित्ते हैं रे, गिन के बता.” खजूर होते नऊ. त्याचे बोट सातव्या खजुरावर असताना तोंड दहावर पोहोचले होते. उत्तर आले, “बारा!” पुन्हा मोजायला लावले, तर दहा.

चूक कुठे होती, हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. पडद्यावर मोजलेला फुगा नाहीसा होतो. कोणता मोजला आणि कोणता राहिला, हे लक्षात ठेवण्याचे काम यंत्रच करते. वाटीतला खजूर मात्र मोजल्यावरही तिथेच राहतो. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही सोडायची नाही, एकही दोनदा घ्यायची नाही आणि शेवटचा आकडा म्हणजेच एकूण किती, हे समजणे म्हणजे मोजणे. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजणीवरच्या पुस्तकात हेच नियम मांडले. आकडे पाठ म्हणता येणे ही केवळ पहिली पायरी आहे.

दादीने उपाय साधा केला. दुसरी रिकामी वाटी ठेवली. एक खजूर उचलायचा, आकडा म्हणायचा, पलीकडे टाकायचा. आठवड्याभरात बोट आणि जीभ बरोबर चालू लागली.

वर्गात मोठा टीव्ही असला तरी अडचण हीच असते. चाळीस मुले एका सुरात “एक, दोन, तीन” म्हणतात. त्या सुरात न मोजणारे मूलही मिसळून जाते. म्हणून चांगले शिक्षक व्हिडिओ मध्येच थांबवतात आणि मुलांना हातात बिया, काड्या किंवा मणी देऊन विचारतात, “आता पडद्यावर किती होते, तितके काढून दाखवा.” सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. तंत्रज्ञान वाईट नाही. पण ते हाताच्या कामाला जोड म्हणून यावे, त्याच्या जागी नाही.

आपल्या घरांत यापुढे आणखी एक प्रश्न येतो, तो भाषेचा. घरात दखनी किंवा उर्दू, शाळा मराठी. अनेक आया म्हणतात, “हमकू मराठी गिनती नहीं आती, हम क्या सिखाएँगे?” आणि मग मोबाइल मुलाच्या हाती जातो. भगिनींनो, नऊ खजूर ‘नौ’ म्हटले तरी नऊच राहतात. ज्या भाषेत तुम्ही सहज मोजता, त्याच भाषेत मोजा. संख्या मनात पक्की बसली की तिचे दुसरे नाव शिकणे सोपे असते.

शिवाय ही नावे एकमेकांना फार परकी नाहीत. मुलांना ‘एकोणतीस’ अवघड जाते. पण रमजानच्या शेवटी छतावर चढून ‘उनतीसचा चाँद’ शोधणारे आपले मूल तो शब्द आधीच ओळखते. इस्लामी महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. उनतीसला चाँद दिसला, तर तिसाला एक रोजा कमी. ‘ऊन’ म्हणजे कमी; एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. उनचालीस–एकोणचाळीस, उनसठ–एकोणसाठ यांचेही तसेच. सांभाळायचे ते नवासीला. उर्दूतली नवासी म्हणजे ऐंशी आणि नऊ, तर मराठीत तीच संख्या एकोणनव्वद. इथे मूल अडखळले, तर त्याला ‘कच्चा’ म्हणू नका.

पंचवीस लिहायला सांगितले की काही मुले ५२ लिहितात. पंचवीस आणि पच्चीस, दोन्हींत पाच आधी ऐकू येतो. अरबीतही पाच आधी, मग वीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की, यामुळे जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण कमी होईल. वाद कसाही असो, घरी उपाय आहे. दहा-दहा काड्यांना रबर लावा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पाहिल्यावर ‘दोन’ आधी का लिहायचा, हे डोळ्यांना दिसते.

घरातले एक यंत्रही इथे उपयोगी पडते. बटण दाबून तस्बीह मोजायचा छोटा काउंटर अनेकांकडे असतो. नमाजनंतर तो मुलाच्या हाती द्या. एक काडी ठेवायची, एकदा बटण दाबायचे. नवानंतर आकडा दोन घरांचा होतो, त्याच वेळी दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा. फर्ज रकातीही त्याच्याकडून मोजून घ्या: फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४, एकूण १७.

लहान मुलांसाठी पडद्याला मर्यादाही हवी. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितके चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला आणि आज प्रत्येक मोबाइल अल्गोरिदमवरच चालतो. हा वारसा आपलाही आहे. तो मुलापर्यंत न्यायला महागडा टॅब लागत नाही. आज रात्री दोन वाट्या आणि मूठभर खजूर घ्या, मुलाला जवळ बसवा आणि विचारा, “कित्ते हैं रे?”