पाम तेलाची पावती

मलायातल्या, म्हणजे आजच्या मलेशियातल्या, खेड्यांत १९५०च्या दशकात हजला निघालेला शेतकरी आधी म्हशी विकायचा, मग जमिनीचा तुकडा. साठवलेले पैसे घरातच, उशीखाली नाहीतर डब्यात. बँकेत ठेवले तर इस्लामला वर्ज्य असलेलं व्याज येणार, आणि व्याजाच्या पैशानं यात्रा कशी करायची? परत आल्यावर हातात काही उरत नसे. उंगकू अझीझ या अर्थशास्त्रज्ञानं १९५९मध्ये यावर सरकारपुढे योजना मांडली. १९६३मध्ये यात्रेकरूंसाठी बिनव्याजी बचत संस्था निघाली. तीच आजची ‘ताबुंग हाजी’.

इस्लामी बँकिंगचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात: एक म्हणतो धर्माचं खूळ, दुसरा म्हणतो भांडवलशाहीवरचा रामबाण. मलेशियाचा अनुभव दोघांचीही पंचाईत करतो. तिथे १९८३मध्ये स्वतंत्र कायदा झाला, बँक इस्लाम सुरू झाली. १९९३पासून नेहमीच्या बँकांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली. आज देशातल्या बँककर्जांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कर्जं इस्लामी पद्धतीची आहेत. चिनी दुकानदारही ती घेतो. त्याला हप्ता परवडला की झालं.

आता एक कर्ज जवळून पाहू. समजा, तुम्हाला ५० हजार रिंगिट रोख हवेत. बँक तेवढ्या किमतीचं कच्चं पाम तेल विकत घेते आणि तुम्हाला ६० हजारांना उधारीवर विकते. मग तुमच्याच वतीनं ते तेल तिसऱ्याला रोख ५० हजारांत विकून टाकते. तेल टाकीतून हलत नाही. हलतात ती कागदपत्रं, तीही थोड्याच वेळात. पैसे तुमच्या खात्यात येतात, ६० हजार हप्त्यांनी फेडायचे. वरच्या १० हजारांना व्याज म्हणायचं नाही, विक्रीतला नफा म्हणायचं. या खरेदी-विक्रीसाठी क्वालालंपूरच्या शेअर बाजारानं २००९मध्ये खास मंच उभारला. त्याच वर्षी शारजात भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी विधिशास्त्र) अकादमीनं अशा ठरवून केलेल्या व्यवहाराला नामंजुरी दिली. मराठीत अशा आडवळणाला द्राविडी प्राणायाम म्हणतात, आणि माझंही मत फारसं वेगळं नाही.

तरी सगळंच नाटक नव्हे. ठरलेली विक्रीकिंमत चक्रवाढीनं फुगत नाही. गुंतागुंतीच्या सट्टेबाज रोख्यांना मनाई असल्यानं २००८च्या पडझडीत इस्लामी बँका पहिल्या तडाख्यातून वाचल्या. पण संकट रोख्यांवरून जमीन-घरांकडे सरकलं तेव्हा, २००९मध्ये, त्यांच्यातल्या अनेकांचा नफा इतर बँकांपेक्षा जास्त घसरला. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २०१०मध्ये हेच नोंदवलं. मालमत्तेला बांधलेलं कर्ज मालमत्तेबरोबर बुडतं, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ तत्त्व नफा-तोटा वाटून घेण्याचं. २०१३च्या कायद्यानं मलेशियानं त्याचीच परीक्षा घेतली. ठेव वेगळी आणि गुंतवणूक खातं वेगळं: ठेवीला अडीच लाख रिंगिटपर्यंत विमा, गुंतवणूक खात्याला नाही, तिथला तोटा ग्राहकाचा. ग्राहकांनी काय निवडावं? बहुतेकांनी सुरक्षित ठेव. त्या ठेवींमागेही पुष्कळदा तेच पाम तेल. तोट्यातली भागीदारी व्याख्यानात सगळ्यांना आवडते.

म्हणून मला वाटतं, या व्यवस्थेला स्थैर्य मिळालं ते व्याज टाळल्यामुळे नव्हे. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेनं दोन्ही प्रकारच्या बँकांना एकाच छडीखाली ठेवलं, भांडवलाचा हिशेब दोघांकडूनही मागितला, त्यामुळे. उलट पुरावा ताबुंग हाजीनंच दिला. ती मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीबाहेर होती, ठेवींना सरकारची हमी होती. २०१७अखेर तिची देणी मालमत्तेपेक्षा ४.१ अब्ज रिंगिटनी जास्त निघाली, तरी त्या वर्षीचा साडेचार टक्के लाभांश वाटला गेला होता. २०१८च्या डिसेंबरात तिच्या सुमारे २० अब्ज रिंगिटच्या मालमत्ता सरकारी कंपनीकडे वळवाव्या लागल्या. १ जानेवारी २०१९पासून संस्था मध्यवर्ती बँकेच्या नजरेखाली आली. २०१८साठी खातेदारांच्या हाती पडला सव्वा टक्का.