पत्र्याच्या शेडमध्ये नेट हवंय? अँटेना घेण्यापूर्वी हे पाहा

चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी इथल्या अनेक शेडना लोखंडी पत्रा असतो आणि पत्रा रेडिओलहरी अडवतो. दारात रेंज फुल्ल, आत मशीनपाशी शून्य! अशा वेळी सिमकार्डाच्या राउटरला बाहेरचा अँटेना जोडता येतो.

■ आधी मोजा : राउटरच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद दाखवणारा ‘आरएसआरपी’ हा आकडा पाहा. उणे ९० डीबीएमच्या आसपास चांगला, उणे ११०च्या खाली कमकुवत. राउटर छपरावर नेऊन पुन्हा पाहा. आकडा तिथेही सुधारला नाही, तर खर्चाआधी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

■ कोणता घ्यावा : टॉवरची दिशा ठाऊक असेल तर पॅनेल किंवा यागी, नसेल तर चहूकडून सिग्नल घेणारा ओम्नी.

■ बँड जुळवा : फोरजी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं; फाइव्हजीचा एक मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. तुमचा बँड अँटेनाच्या माहितीपत्रकात हवाच.

■ केबल आखूड, जाड : केबलमधल्या दर ३ डेसिबल घटीला सिग्नल निम्मा होतो. १८०० मेगाहर्ट्झला १० मीटर पातळ आरजी-५८ निम्म्याहून बराच जास्त सिग्नल खाते. जाड एलएमआर-४०० सुमारे एक तृतीयांश.

■ दोन्ही पोर्ट वापरा : फोरजी राउटरला सहसा अँटेनाचे दोन पोर्ट असतात. एकच जोडला तर वेग पुरता मिळत नाही.

■ बूस्टरपासून लांब : परवानगीशिवाय सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बसवणं बेकायदा आहे. त्यानं शेजारच्यांचंही नेटवर्क बिघडतं.